चित्र घरी येण्याची गोष्ट : टाळेबंदीतल्या कलादर्शनाची पूर्वपीठिका

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनाचे दरवाजे बंद झाले. मुंबईतली बाकीची दालनंही त्याच आठवड्यात एकामागून एक मिटली. पुढे बराच काळ चित्र पाहणं म्हणजे पडद्यावर पाहणं झालं. त्या दिवसांविषयी बोलताना ‘कला एका रात्रीत ऑनलाइन गेली’ असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. चित्र दुरून पाहण्याची सवय आपल्याकडे शंभराहून जास्त वर्षांची आहे.

1952 मध्ये सुरू झालेल्या जहांगीरमध्ये शिरायला तिकीट लागत नाही. पण परभणीहून किंवा कणकवलीहून तिथवर यायचं तर गाडीभाडं लागतं, रात्रीचा मुक्काम लागतो, शिवाय प्रदर्शन आठवड्याभरात उतरतं. त्यामुळे मुंबईबाहेरच्या मराठी रसिकाला चित्रकार भेटला तो बहुतेक छपाईतून. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि नंतर तो मळवलीला हलला. छपाई दगडावरून व्हायची. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक नेमका बसवलेला ठसा, आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती थेट देवघरात पोचल्या. मूळ तैलचित्र पाहिलेले लोक मूठभर होते, छापील प्रत पाहिलेल्यांची मोजदाद नाही. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला आणि पुढच्या काळात दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं घरोघरी जपून ठेवली गेली. कापून, चौकटीत घालून भिंतीवर लावली गेली. 1946 पासून मुंबईतून निघणाऱ्या ‘मार्ग’ने वास्तू आणि शिल्पांची छायाचित्रं दिली, पण ते नियतकालिक इंग्रजी. त्याची पोच वेगळ्या वर्गात होती.

छापील चित्राने डोळ्यांना वळण लावलं, तसा एक गैरसमजही रुजवला. चित्र म्हणजे फक्त त्यातला विषय, त्याचा आकार आणि पृष्ठभाग नव्हे, असा तो गैरसमज. पडद्याची अडचण नेमकी हीच आहे.

संगणकावर चित्र विकण्याचा भारतातला महत्त्वाचा प्रयोगही मुंबईचाच. 2000 साली वझिरानी दांपत्याने सॅफ्रनआर्ट सुरू केलं, तेव्हा प्रत्यक्ष न पाहता लाखोंचं चित्र कोण घेणार, हा प्रश्न रास्तच होता. अशा व्यवहारात विश्वास तयार करावा लागतो. सहीचा जवळून घेतलेला फोटो, चित्राची मागची बाजू, ते आधी कुणाकडे होतं त्याची नोंद, कुठे तडा गेलाय किंवा रंग सुटलाय याचा अहवाल. परदेशात 2011 मध्ये व्हीआयपी आर्ट फेअर हा फक्त इंटरनेटवरचा कलामेळा भरला आणि गर्दीपुढे त्याची यंत्रणा कोलमडली. त्याच वर्षी गुगलचा आर्ट प्रोजेक्ट 17 संग्रहालयांना घेऊन सुरू झाला. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने संग्रहालयांच्या नोंदींसाठी ‘जतन’ नावाची प्रणाली बनवली. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयासह केंद्राच्या अनेक संग्रहालयांच्या वस्तू तिच्यामुळे संकेतस्थळावर दिसू लागल्या. नाव मराठी आणि कामही नावाला साजेसं. पण हे सगळं संग्रहात जमा झालेल्या वस्तूंचं झालं. आज, या महिन्यात रंगवलेलं चित्र पाहायला दालनातच जावं लागायचं.

टाळेबंदीने बदललं ते हे. हाँगकाँगचा आर्ट बेसल मेळा रद्द झाला आणि मार्च 2020 मध्ये तो ‘व्ह्यूइंग रूम’च्या रूपात संगणकावर भरला. एप्रिलमध्ये भारतातल्या आणि दुबईतल्या काही दालनांनी मिळून ‘इन टच’ हे सामाईक व्यासपीठ उभं केलं. एरवी एकाच ग्राहकासाठी चढाओढ करणारी दालनं एका दारात आली, ही साधी गोष्ट नव्हती. व्ह्यूइंग रूममध्ये चित्र रिकाम्या भिंतीवर दाखवतात आणि अंदाज यावा म्हणून शेजारी बाक किंवा खुर्ची ठेवतात. बऱ्याच ठिकाणी किंमतही लिहिलेली असे. दालनात किंमत विचारायला संकोचणाऱ्या नवख्या माणसाला हा मोठाच दिलासा. पणजीत डिसेंबरात भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सवही 2020 मध्ये पडद्यावर आला. मांडवीकाठच्या जुन्या इमारतींतून हिंडण्याची मजा त्यात नव्हती, पण एरवी गोव्याला जाऊ न शकणाऱ्यांना कलाकारांची बोलणी ऐकता आली.

मराठी मुलखापुरतं बोलायचं तर मला सगळ्यात मोलाची वाटली ती प्रात्यक्षिकं. समोर माणूस बसवून, भरल्या सभागृहात दोन-तीन तासांत व्यक्तिचित्र रंगवून दाखवायची आपली परंपरा जुनी. तिथे मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्याला चित्रकाराची पाठच दिसते. टाळेबंदीत चित्रकारांनी घरातूनच फेसबुक आणि यूट्यूबवर प्रात्यक्षिकं दिली आणि कॅमेरा थेट पॅलेटजवळ आला. कोणता रंग कशात मिसळला, ब्रश किती ओला आहे, चुकलेला फटकारा कसा पुसला, हे गडचिरोलीच्या मुलालाही पुण्याच्या मुलाइतकंच दिसलं. तयार चित्र पडद्यावर उणं होतं, पण घडत असलेलं चित्र तिथे उलट खुलतं.

उणं किती होतं ते पाहायचं तर गायतोंड्यांकडे पाहावं. नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याचे, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेले वासुदेव गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत. मार्च 2021 मध्ये त्यांचं 1961 सालचं एक चित्र सॅफ्रनआर्टच्या लिलावात 39.98 कोटी रुपयांना गेलं. मोबाइलवर त्याच्या प्रतिमेत एक सपाट रंग दिसतो. त्या रंगाखालून वर येणारा दुसरा रंग आणि जागा बदलली की हलणारा उजेड तिथे दिसत नाही.

मांडणशिल्पांचं, म्हणजे एखाद्या जागेतच उभारलेल्या कलाकृतींचं, तर याहून कठीण. कोची-मुझिरिस बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायचं मोठं कलाप्रदर्शन, 2012 मध्ये उभी केली ती बोस कृष्णमाचारी आणि रियाज कोमू यांनी. दोघंही मल्याळी आणि दोघंही जे.जे.चे विद्यार्थी. डिसेंबर 2020 ची पाचवी बिनाले पुढे ढकलावी लागली. विद्यार्थ्यांची बिनाले 2021 मध्ये ऑनलाइन झाली, मुख्य बिनाले मात्र तशी केली गेली नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. त्याऐवजी एप्रिल 2021 मध्ये केरळातल्याच आलप्पुळ्यात ‘लोकमे तरवाडु’ हे प्रदर्शन खुलं झालं. नाव मल्याळी कवी वळ्ळत्तोळांच्या कवितेतलं, अर्थ ‘जग हेच घर’. त्यात जगभर विखुरलेले 267 मल्याळी कलावंत होते आणि जागा होत्या मुख्यतः काथ्याच्या व्यापाराच्या जुन्या वखारी. ज्या घरातून माणसं कामधंद्यासाठी बाहेर पडली, त्या घराविषयीची ही कला. तिच्यामागची वखारीची भिंत कॅमेऱ्याने टिपली तरी तिथली हवा त्यात येत नाही. प्रदर्शन उघडून थोडेच दिवस झाले होते, तोच कोविडच्या दुसऱ्या लाटेने ते बंद पाडलं. परिस्थिती निवळल्यावर ते पुन्हा उघडलं आणि लोक रांगेने आत गेले.

कलावंत शुबिगी राव यांनी कलाकृती निवडून रचलेली पाचवी बिनाले अखेर डिसेंबर 2022 मध्ये फोर्ट कोचीत भरली. ठरलेल्या 12 तारखेला बरेच प्रेक्षक येऊन थडकले, पण मांडणी पुरी झाली नव्हती. मुख्य दालनं 23 तारखेला उघडली.