पार्श्वभूमी : कॅडमधून निघालेल्या रेघा तुटक का असतात?

यंत्राच्या मॅन्युअलसाठी कॅड (संगणकावर यंत्रभाग रचायचं सॉफ्टवेअर) मॉडेलवरून एसव्हीजी, म्हणजे रेघांच्या चित्राची फाइल काढली, इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि बुश या नळीसारख्या भागाच्या गोल कडेवर क्लिक केलं, की अख्खी कड निवडली जाईल असं वाटतं. हाती लागतो इवलासा तुकडा. त्याच्या शेजारी दुसरा, आणि कधीकधी बरोबर त्याच्याच खाली तिसरा. याचं खापर एखाद्या सॉफ्टवेअरवर फोडण्यात अर्थ नाही. दुखणं साठ वर्षांचं आहे.

१९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांचं स्केचपॅड हे पडद्यावर चित्र काढायचं सॉफ्टवेअर आलं, ते सर्वांना ठाऊक असतं. त्याच वर्षी तिथेच लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी घनाकृतींमागच्या झाकलेल्या रेषा संगणकाकडून वगळून घेतल्या. पुढे रॉबर्ट्स इंटरनेटच्या पूर्वज आर्पानेटमुळे नावाजले आणि हे काम झाकोळलं गेलं. १९६७ मध्ये आयबीएमच्या आर्थर अ‍ॅपेल यांनी युक्ती सुचवली : कडेवरचा बिंदू आणि डोळा यांच्यामध्ये किती पृष्ठभाग येतात ते मोजा. शून्य आले तर बिंदू दिसतो. कडेवरून पुढे सरकताना हा आकडा बदलतो तो ती कड दुसऱ्या एखाद्या भागाच्या बाह्यरेषेमागे शिरते किंवा मागून बाहेर येते तिथेच. म्हणजे प्रत्येक बिंदू तपासायला नको, पण कड त्या जागी कापावी मात्र लागते. तुकड्यांचा जन्म इथला.

तेव्हा कुणाचं काही अडलं नाही, कारण चित्र जायचं पेन प्लॉटरवर, म्हणजे कागदावर पेन फिरवून चित्र काढणाऱ्या यंत्रावर. १९५९ च्या कॅलकॉम्प ५६५ चा पेन एका पावलात इंचाचा शंभरावा भाग सरकायचा. पेन टेक, सरक, उचल, एवढंच त्याचं काम. दहा तुकडे एकापुढे एक काढले तरी कागदावर अखंडच रेघ दिसे. एकच रेघ दोनदा काढली तर शाई जरा गडद, बस्स.

खरी पंचाईत झाली ती चित्र कागदावरून पडद्यावर आल्यावर. १९८४ ची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा आणि १९८७ चं इलस्ट्रेटर हे चित्रकामाचं सॉफ्टवेअर यांमुळे रेघ ही निवडण्याची, जाड करण्याची, रंग भरण्याची वस्तू बनली. रंग भरायला आकार बंद हवा, कॅड तर सुटे तुकडे देणार. भरीला डीएक्सएफ, म्हणजे ऑटोकॅडची चित्रं इतरांना देण्याची फाइल. १९९४ च्या ऑटोकॅड १३ पर्यंत त्यात खरं लंबवर्तुळ नव्हतंच; तिरकं दिसणारं प्रत्येक भोक लहान तुकडे जोडून भागवलं जाई. आजही कुणी जुन्या आवृत्तीत फाइल काढून पाठवली, की तेच पुढ्यात येतं.

हातानं काढणाऱ्या आरेखकाचं आणखी एक कसब यात हरवलं : काय काढायचं नाही, हे ठरवणं. कडा गोलसर केल्या की सपाट भाग जिथे वळू लागतो तिथे डोळ्याला रेघ दिसत नाही, मॉडेलमध्ये मात्र कड असते. ज्या कडेमागे पोकळी आहे ती जाड आणि जिच्या दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग दिसतात ती बारीक, हा हातानं आरेखन करायच्या रोट्रिंग पेनच्या काळातला शिरस्ता. संगणकाला हे दोन्ही कळू शकतं, त्याला विचारतं कोण? मागची रेघ पुढच्या रेघेजवळ किंचित तोडण्याची जुनी खुबी अ‍ॅपेल आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्येच संगणकाला शिकवली होती, तरी सर्रास वापरात ती दिसत नाही.

फ्रीकॅड या मोफत कॅडच्या टेकड्रॉ या आरेखन विभागात निदान कडांची वर्गवारी उघड आहे. त्यामागचं भूमितीचं गणित करणारं ओपन कॅस्केड १९९९ मध्ये खुलं झालं. ते ठळक, गुळगुळीत आणि सांध्याच्या कडा वेगवेगळ्या मोजतं. म्हणून ‘स्मूथ’ (गुळगुळीत) आणि ‘सीम’ (सांध्याच्या) कडा बंद केल्या की निम्मा कचरा जातो. ‘कोअर्स व्ह्यू’ हा ढोबळ चित्राचा पर्याय अनेक भागांच्या मोठ्या जोडणीला वेग देतो, पण तो पृष्ठभाग सपाट त्रिकोणांत मोडून चालतो, वक्र कड सरळ तुकड्यांची होते. छपाईचं चित्र काढताना तो बंदच ठेवावा. एवढं करूनही, जिथे एक भाग दुसऱ्यामागे जातो तिथले तुकडे इंकस्केपमध्ये टोकं निवडून हातानंच जोडावे लागतात.