वाण्याच्या काट्यातले मायक्रोव्होल्ट

वाण्याच्या गल्ल्याशेजारचा इलेक्ट्रॉनिक काटा बघा. पाच किलो तांदूळ टाकले की लाल आकडे क्षणभर घुटमळतात आणि ५.००० वर ठरतात. आकडे दिसले की आपण म्हणतो, डिजिटल काटा. पण आकडे दाखवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. काटा खरा की खोटा हे ठरतं त्याच्या अलीकडे, चार वायर आणि दोन बोटं रुंदीच्या सर्किटात, जिथे अजून एकही आकडा जन्माला आलेला नसतो.

ताटाखाली ॲल्युमिनियमची एक कांडी असते, तिला लोड सेल म्हणतात. कांडीच्या मधोमध दोन भोकं पाडून एकमेकांत मिसळलेली असतात, त्यामुळे चार ठिकाणी धातू मुद्दाम पातळ राहतो. वजन पडलं की तिथेच तो वाकतो. त्या जागी, पांढऱ्या सिलिकॉनच्या थराखाली, चार स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. स्ट्रेन गेज म्हणजे प्लास्टिकच्या पापुद्र्यावर नागमोडी कोरलेली, बहुधा कॉन्स्टंटन या तांबे-निकेलच्या मिश्रधातूची बारीक पट्टी. ताणली की तिचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो, दबली की कमी होतो. ही कल्पना १९३८ साली अमेरिकेत दोघांना स्वतंत्रपणे सुचली : कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीत आर्थर रूज. आजचे बहुतेक काटे, मग तो किराणा दुकानातला असो की ट्रक तोलणारा, याच कल्पनेवर चालतात.

आता हिशोब करू, कारण खरी गंमत हिशोबातच आहे. गेजचा रोध साधारण ३५० ओम. काटा ३० किलोचा आणि त्यावर पूर्ण भार ठेवला, तरी गेज ताणला जातो जेमतेम ०.१ टक्का आणि रोध बदलतो ०.७ ओमनं. काट्याला ५ ग्रॅमचा फरक दाखवायचा आहे, म्हणजे ३० किलोचे ६००० भाग करायचे. ३ मिलिमीटर लांबीचा गेज धरला, तर ५ ग्रॅमला त्याची लांबी बदलते अर्धा नॅनोमीटर. दोनेक अणू शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी होईल, तेवढी. चिमूटभर जिऱ्यासाठी आपण धातूचे अणू मोजतोय, आणि तेही दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या यंत्रावर.

एकच साधा गेज लावून हे जमणार नाही. ॲल्युमिनियम तापमानाच्या दर अंशाला दशलक्षात २३ भाग फुगतं. सकाळचं दुकान आणि दुपारचं दुकान यांत १० अंशांचा फरक पडला, तर नुसत्या फुगण्यानंच पूर्ण भाराच्या जवळजवळ पाव भागाएवढा ताण दिसेल, म्हणजे रिकाम्या ताटावर सात किलो. म्हणून चार गेज चौकोनात जोडतात : दोन ताणले जाणारे, दोन दबले जाणारे. उष्णतेनं चौघंही सारखेच बदलतात आणि तो बदल परस्पर कटतो. वजनानं मात्र दोघं एका बाजूला तर दोघं दुसऱ्या बाजूला जातात आणि तेवढाच फरक बाहेर येतो. हाच व्हीटस्टन ब्रिज. तो शोधला सॅम्युएल हंटर क्रिस्टीनं १८३३ मध्ये, चार्ल्स व्हीटस्टननं दहा वर्षांनी तो लोकांपर्यंत नेला आणि नाव त्याचंच पडलं. व्हीटस्टननं श्रेय क्रिस्टीला दिलं होतं, पण पाठ्यपुस्तकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

ब्रिजला ५ व्होल्ट दिले की पूर्ण भाराला बाहेर पडतात १० मिलिव्होल्ट. त्याचे ६००० भाग केले की एका भागाला, म्हणजे ५ ग्रॅमला, १.६७ मायक्रोव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळात जो पेन्सिल सेल असतो, त्याच्या दीड व्होल्टचा हा नऊ लाखावा हिस्सा. ॲनालॉग डिझायनरचं, म्हणजे आकडे होण्याआधीचा व्होल्टेज सांभाळणारं सर्किट आखणाऱ्याचं काम इथून सुरू होतं. एवढासा व्होल्टेज वाढवणं अवघड नाही, शंभर-सव्वाशे पट वाढवणारा ॲम्प्लिफायर कुठेही मिळतो. अवघड आहे ते त्याच्याबरोबर बाकी काही वाढू न देणं.

या कामातला एक नामांकित माणूस म्हणजे जिम विल्यम्स. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, तरी तो एमआयटीत उपकरणं बनवायचा. तिथल्या पोषणशास्त्राच्या विभागाला माणसांचं वजन अतिशय बारकाईनं करायचं होतं, म्हणून त्यानं ३०० पौंडांपर्यंत ०.०१ पौंडाचा फरक दाखवणारा काटा तयार केला. आपल्या भाषेत १३६ किलोच्या माणसात साडेचार ग्रॅम. १९७६ साली त्यानं त्यावर लेख लिहिला, तेव्हा ‘आता सगळं डिजिटल होणार, ॲनालॉग संपलं’ अशी हवा होती. ती हवा आजही अधूनमधून सुटते.

मायक्रोव्होल्टचे शत्रू कोण, तर पहिला शत्रू सर्किटातला सांधा. दोन वेगळे धातू जोडले आणि सांध्यांच्या तापमानात फरक पडला, की तिथे आपोआप व्होल्टेज तयार होतो. तांबं आणि कॉन्स्टंटन या जोडीला हा व्होल्टेज दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट असतो. गेज कॉन्स्टंटनचा, वायर तांब्याची, म्हणजे नको तो सांधा लोड सेलमध्येच बसलेला! गेजच्या दोन टोकांत अंशाच्या दहाव्या भागाचा फरक पडला तरी ४ मायक्रोव्होल्ट, म्हणजे बारा ग्रॅम. त्यामुळे लोड सेलला सिलिकॉनचं पांघरूण घालतात आणि तापणारा व्होल्टेज रेग्युलेटर बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात. महागड्या काट्यांत आणखी एक युक्ती असते. ब्रिजचा पुरवठा आलटून पालटून उलटा करायचा. वजनाचा सिग्नल उलटतो, सांध्याचा व्होल्टेज मात्र आहे तिथेच राहतो. दोन मापांची वजाबाकी केली की सांध्याचा भाग उडून जातो. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली ही सर्वांत देखणी कल्पना आहे.

दुसरा शत्रू ग्राउंड, म्हणजे सगळ्या सर्किटाचा प्रवाह जिथून परत जातो ती सामाईक वाट. कागदावरच्या सर्किटात ग्राउंडचं चिन्ह दहा ठिकाणी काढलेलं असतं आणि ती सगळी शून्य व्होल्टवर आहेत असं आपण समजतो. बोर्डावर मात्र ग्राउंड म्हणजे तांब्याची पट्टी, आणि पट्टीला रोध असतो. नेहमीच्या पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या छापील बोर्डावर, तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा. १ मिलिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर लांब पट्टीचा रोध भरतो साधारण २५ मिलिओम. एरवी कोणी याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. पण त्याच पट्टीतून डिस्प्लेचा प्रवाह परतत असेल आणि तो १०० मिलिअँपिअरनं कमीजास्त होत असेल, तर पट्टीच्या दोन टोकांत २.५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. काट्याच्या मापात हे साडेसात किलो झाले. एकाच पाइपवर खालच्या घरात नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसं हे.

ब्रिजचा सिग्नल दोन वायरमधल्या फरकाचा असल्यामुळे यातला बहुतेक भाग कटतो, हे खरं. तरी हजारातला एक भाग आत झिरपला, तर दीड भागाची, म्हणजे साडेसात ग्रॅमची चूक होतेच. आणि ती चूक मोठी विचित्र असते. एलईडीच्या आकड्यांत ८ दाखवायला सात काड्या पेटतात, १ दाखवायला दोन. म्हणजे डिस्प्लेवर कोणता आकडा आहे त्यावर प्रवाह ठरतो, प्रवाहावर ग्राउंड ठरतं, आणि ग्राउंडवर पुढचा आकडा! १.११० आणि १.०८५ अशा दोन आकड्यांत उगाच हेलकावे खाणारा काटा दिसला, तर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसण्याआधी डिस्प्लेची ग्राउंड वायर कुठून जाते ते बघावं. उपाय साधा आहे. ब्रिज, ॲम्प्लिफायर आणि एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) यांचं ग्राउंड डिस्प्लेच्या वाटेत येऊ द्यायचं नाही आणि दोन्ही वाटा पुरवठ्याच्या मुळाशीच एकत्र आणायच्या. ॲनालॉग-डिजिटल एका बोर्डावर नांदवताना निम्मं डिझाइन प्रवाह परत कुठून जातो हे शोधण्यातच जातं, आणि सर्किटच्या चित्रात नेमकं तेच दिसत नाही.

पुरवठ्याचे ५ व्होल्ट मात्र अगदी अचूक लागत नाहीत, हे ऐकून शिकाऊ मुलं चकित होतात. ब्रिजला जो व्होल्टेज दिला, तोच एडीसीला मापाची पट्टी म्हणून द्यायचा. पुरवठा एक टक्क्यानं घसरला तर सिग्नलही एक टक्क्यानं घसरतो आणि पट्टीही, त्यामुळे उत्तर बदलत नाही. महागडा संदर्भ व्होल्टेज विकत घेण्यापेक्षा त्याची गरजच उरू नये असं सर्किट जोडणं, यात खरं कसब आहे.

आता एडीसी. हौशी मंडळींच्या टेबलावर हमखास दिसणारी चिप म्हणजे एचएक्स७११. ती आत १२८ पट वाढवते आणि २४ बिटांचं उत्तर देते. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या. जाहिरातवाले इथेच थांबतात. चिपचा आवाका आहे उणे २० ते अधिक २० मिलिव्होल्ट, म्हणजे एक पायरी २.४ नॅनोव्होल्टची. आणि चिपचा स्वतःचा नॉईज, म्हणजे मापातली आपोआप होणारी थरथर, त्याच्या वीसेक पट. शेवटचे चार-पाच बिट नुसतेच थरथरत असतात. पूर्ण भाराच्या १० मिलिव्होल्टमधून शांत, भरवशाचे भाग मिळतात तीसेक हजार. आपल्याला हवे होते ६०००, त्यामुळे काम भागतं. पण ‘२४ बिट’ वाचून एक मिलिग्रॅम मोजायला निघालेल्यांची निराशा ठरलेली.

या चिपमधली पद्धत सिग्मा-डेल्टा, ती १९६२ साली टोकियो विद्यापीठात हिरोशी इनोसे आणि यासुहिको यासुदा यांनी मांडली. ती एका फटक्यात बारीक माप घेत नाही. ‘जास्त की कमी’ एवढाच ढोबळ निर्णय सेकंदाला हजारो वेळा घेते, प्रत्येक निर्णयाची चूक पुढच्यात जमा करते आणि शेवटी सगळ्यांची सरासरी काढते. सरासरी किती वेळ काढायची यात एक झकास खुबी आहे. चिप सेकंदाला १० मापं देते, म्हणजे एका मापाला १०० मिलिसेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, १०० मिलिसेकंदांत तिची बरोबर पाच आवर्तनं होतात. अमेरिकेतली ६० हर्ट्झची, तिची बरोबर सहा. पूर्ण आवर्तनात वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग एकमेकांना खातात, म्हणून डोक्यावरच्या ट्यूबलाइटमुळे आणि शेजारच्या फ्रिजमुळे वायरीत शिरलेली घरघर दोन्ही देशांत सरासरीतच विरते. याच चिपची एक पिन बदलून सेकंदाला ८० मापं घेता येतात. मग साडेबारा मिलिसेकंद मिळतात, त्यात ५० हर्ट्झचं आवर्तन पूर्ण बसत नाही आणि घरघर परत येते. काटा चटकन स्थिर व्हावा म्हणून घाई करणाऱ्यांना ही किंमत मोजावी लागते.

एवढं करूनही शून्य हळूहळू सरकतंच. त्यासाठी काट्याच्या प्रोग्राममध्ये एक सोय असते : ताट रिकामं दिसत असताना शून्यापासून अगदी सावकाश, किंचित सरक झाली, तर ती तापमानाची करामत समजून गुपचूप पुसून टाकायची. दुकानात ही सोय बरी. घरच्या छोट्या किचन काट्यावर मात्र ती दगा देते. वाटी ठेवून शून्य केलं आणि यीस्ट किंवा बेकिंग पावडर चिमटीनं हळूहळू भुरभुरली, तर काटा दर वेळी ‘ही तर सरक’ म्हणून ती गिळून टाकतो, आणि दोन ग्रॅम पडले तरी शून्यावर ढिम्म. अशा वेळी पावडर आधी कागदावर काढावी आणि कागदासकट एकदम ठेवावी. कागदाचं वजन नंतर वजा करता येतं.