दाबून धरायचं की आवळून बांधायचं?

केळीची कापणी सुरू असली की रावेर-यावलकडे हाताला विळा लागणं नवं नाही. आणि रक्त दिसलं की पहिली हाक ठरलेली, "दोरी आणा, दोरी!" माझ्यासमोर एका मजुराचा तळवा चिरला. सोबतच्यांनी लगेच मनगटावर सुतळी आवळली. बोटं फुगली, निळसर पडली, आणि रक्त थांबायचं सोडून जास्तच वाहू लागलं.

असं होतं, कारण रक्त परत नेणाऱ्या शिरा थोड्या दाबानेही बंद होतात. रक्त आणणाऱ्या धमन्या मात्र खोल असतात, त्या चालूच राहतात. अर्धवट आवळलेली दोरी म्हणूनच नुकसान करते.

मग आम्ही रुमालाची जाड घडी जखमेवरच ठेवून तळहाताने जोरात दाबली आणि नुकतीच बांधलेली ती सुतळी कापली. दाबायचं ते सलग दहा मिनिटं. मध्ये उचलून बघायचा मोह फार होतो, पण बघितलं की धरत आलेली गुठळी निघते. घडी भिजली तर तिच्यावर दुसरी ठेवा. दाबणाऱ्याने हातात प्लॅस्टिकची पिशवी घालावी, दुसऱ्याचं रक्त अंगाला लागू देऊ नये. हळद, चुना, तंबाखू काहीही भरू नका. काच किंवा पातं रुतलं असेल तर ते उपसू नका, बाजूंनी दाबा. बहुतेक जखमांचं काम एवढ्यावर भागतं.

आवळून बांधणं हा वेगळाच उपाय आहे. कडबा कुट्टीच्या यंत्रात हात गेला, रक्त चिळकांड्या मारतंय, दाबून थांबत नाही, तेव्हाच तो करायचा. आणि फक्त हातापायाला. मान, पोट, छातीला कधीच नाही. सुतळी किंवा तार नको, किमान चार-पाच सेंटिमीटर रुंद कापडी पट्टी घ्या. जखमेवर नाही, तिच्यापासून हृदयाच्या बाजूला साधारण चार बोटं अंतरावर बांधा; कोपर-गुडघ्याचा सांधा टाळा. गाठीत काठी घालून रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळा. माणूस कळवळेल, तरी थांबू नका. मधूनमधून सैल करायची जुनी सवय घातक आहे. पट्टी डॉक्टरच सोडतील. दोनेक तासांनंतर स्नायू-नसांना इजेचा धोका वाढतो, म्हणून एकाने पट्टी पिळतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून निघायचं तर एकेक मिनिट मोलाचं.

बांधल्याची वेळ पेनाने कपाळावर लिहा. पेन नसेल तर मोबाइलवर पट्टीचा फोटो काढा, त्यात वेळ राहते.