बीडीएसचं कर्ज: सातारा-सांगलीतली शंभर वर्षांची पार्श्वभूमी

नीटचा निकाल लागला की सांगली, मिरज, कराड, साताऱ्यातल्या कितीतरी घरांत एकच हिशेब सुरू होतो. एमबीबीएसला मार्क कमी पडले, बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरीची पदवी, मिळतंय, मग ते कुठं घ्यायचं आणि कर्ज किती काढायचं? घराजवळचे पर्याय म्हणून प्रामुख्यानं तीन नावं पुढं येतात: कवलापूरचं वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय, सांगली-मिरज रस्त्यावरचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आणि कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठाचं. तिन्हीकडं पदवी बीडीएसचीच, चार वर्षं अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप. तरीही एकाच घरातल्या, तेवढ्याच उत्पन्नाच्या मुलीच्या डोक्यावर तिन्हीकडं सारखं कर्ज बसत नाही. पहिलं महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न, खाजगी विनाअनुदानित आहे. उरलेली दोन अभिमत विद्यापीठांची, म्हणजे केंद्राकडून विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या खाजगी संस्थांची आहेत. प्रवेशाची फेरी कोण घेणार, फी कोण ठरवणार आणि सरकारी सवलत लागू होणार की नाही, हे सगळं या एका फरकावर ठरतं. हा फरक आला कुठून ते समजून घ्यायचं तर बरंच मागं जावं लागतं. विशेष म्हणजे त्या इतिहासातली बरीचशी माणसं याच दोन जिल्ह्यांतली आहेत.

४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यात होता आणि उरलेला संस्थानांकडं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग सुरू झालं. मुलं हातानं स्वयंपाक करायची, शेतात राबायची, गावोगावहून धान्य यायचं. तेही पुरेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही गोष्ट आपल्याकडं शाळेतल्या भाषणांत इतक्यांदा सांगितली जाते की तिच्यातला आर्थिक भाग नजरेतून सुटतो. शिक्षणासाठी त्या वेळीही कर्ज झालंच, पण ते संस्थेनं आणि संस्था चालवणाऱ्या घरानं अंगावर घेतलं. शिकणाऱ्या मुलाच्या नावावर काही चढलं नाही. त्यानं श्रम दिले आणि तो मोकळा झाला. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं तेही ‘कमवा आणि शिका’च्याच पायावर.

पुढच्या पिढीत हा भार सरकारनं उचलला. देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कराडात वाढलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांच्या मुलांना फी माफीची ईबीसी सवलत मिळाली. जात न पाहता उत्पन्न पाहून दिलेल्या या सवलतीनं खेड्यातल्या मुलांची एक अख्खी पिढी कॉलेजात गेली. १९६३ च्या सुमारास केंद्रानं राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती सुरू केली. पैसे परत करायचे असत, पण बिनव्याजी. ‘शिक्षण आधी, परतफेड नंतर’ ही कल्पना सामान्य घरात तिथून शिरली. त्यात व्याज नव्हतं हे मुद्दाम लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

दंतवैद्यक मात्र या साऱ्यापासून लांबच होतं. देशातलं पहिलं दंत महाविद्यालय १९२० मध्ये कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ मध्ये आलं, त्यानंतर सरकारी. दंतवैद्यांचा कायदा १९४८ चा आणि भारतीय दंत परिषद १९४९ ची. मिरजेत डॉ. वानलेस यांचं रुग्णालय १८९४ पासून होतं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही १९६२ मध्ये आलं, तरी दातांच्या डॉक्टरीसाठी मुंबईच गाठावी लागे. सरकारी फी अगदी कमी होती, पण जागाच मूठभर होत्या. ज्याला जागा मिळाली त्याला मोठ्या कर्जाची गरज नव्हती, बाकीच्यांचा प्रश्न कर्जापर्यंत येतच नव्हता.

१९८३ हे वळणाचं वर्ष. सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते आणि त्यांनी विनाअनुदान तत्त्वावर खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडलं. त्याआधी आपली मुलं देणगी मोजून कर्नाटकात जात होती. मणिपाल, बेळगाव, दावणगेरे ही नावं तेव्हाच्या पालकांना पाठ असत. पैसा राज्याबाहेर जाण्यापेक्षा महाविद्यालयं इथंच व्हावीत, हा दादांचा विचार होता. कराडचं कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ चं. सांगली जिल्ह्यातल्या सोनसळच्या पतंगराव कदमांनी १९६४ मध्ये काढलेलं भारती विद्यापीठ याच काळात झपाट्यानं वाढलं. या धोरणावर टीका भरपूर झाली, पण ते चुकलंच होतं असं मी म्हणणार नाही. त्यामुळं जागा वाढल्या आणि ज्यांच्या घरात कधी कुणी डॉक्टर झालं नव्हतं अशांची मुलं डॉक्टर झाली. मात्र ‘विनाअनुदान’ याचा सरळ अर्थ असा की महाविद्यालयाचा खर्च आता सरकार देणार नाही, तो फीतूनच निघणार. भाऊरावांच्या काळात संस्थेवर असलेला आणि यशवंतरावांच्या काळात सरकारवर गेलेला भार या टप्प्यावर कुटुंबावर आला. त्यासोबत पैसे कसे उभे करायचे याची सोय मात्र आली नाही. सोनं मोडणं, जमिनीचा तुकडा विकणं, पतसंस्थेचं कर्ज, उसाच्या बिलावर भिस्त, असे जे मार्ग लग्नासाठी होते तेच शिक्षणासाठी वापरले गेले.

देणगीवर बंदी घालणारा राज्याचा कायदा १९८७ चा. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठीची देणगी, बेकायदा ठरवली आणि पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात खाजगी महाविद्यालयांसाठी एक योजना घालून दिली: निम्म्या जागा ‘फ्री सीट’, निम्म्या ‘पेमेंट सीट’. त्या दशकात प्रवेश घेतलेल्यांना हे शब्द अजून आठवत असतील. पेमेंट सीटवरचा मुलगा जास्त फी भरायचा, त्यातून फ्री सीटवरच्याचा खर्च निघायचा. ३१ ऑक्टोबर २००२ ला टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या घटनापीठानं ही योजना मोडीत काढली. खाजगी संस्थेला आपली फी ठरवण्याचा अधिकार आहे, फक्त नफेखोरी आणि देणगी चालणार नाही, अशी भूमिका आली. २००३ मध्ये फी तपासणाऱ्या समित्या नेमायला सांगितलं गेलं, २००५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात चौकट आणखी स्पष्ट झाली. आजचं शुल्क नियामक प्राधिकरण राज्याच्या २०१५ च्या कायद्यातून आलं आहे. ते संलग्न विनाअनुदानित महाविद्यालयांचा खर्च तपासून फी मंजूर करतं.

अभिमत विद्यापीठं या व्यवस्थेच्या बाहेर राहिली. तो दर्जा केंद्राच्या १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यातून मिळतो. भारती विद्यापीठाला तो १९९६ मध्ये मिळाला, कराडच्या कृष्णा संस्थेला २००५ मध्ये. नीट आल्यावर प्रवेश परीक्षा सगळ्यांची एक झाली, पण अभिमतच्या जागा केंद्रीय समुपदेशन समिती भरते, तर संलग्न महाविद्यालयांच्या जागा राज्याचा सीईटी कक्ष. पालकांना वाटतं की हा फक्त अर्जांचा गोंधळ आहे. खरं तर पैशांचे दोन रस्ते इथूनच फुटतात.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती हे जुन्या ईबीसी सवलतीचं आजचं रूप. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झाला असेल, तर खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयातही शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अभिमत विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोट्यातले प्रवेश यातून वगळलेले आहेत. म्हणजे संलग्न महाविद्यालयात फेरीतून लागलेल्या मुलीला वसतिगृह, मेस, पुस्तकं आणि साहित्यापुरतं छोटं कर्ज पुरू शकतं, आणि तीच मुलगी अभिमतमध्ये गेली तर पूर्ण फीचं कर्ज लागतं. यातलं एक चांगलं नि एक वाईट असं मी म्हणत नाही. ओपीडीत रुग्ण किती येतात, हातानं काम करायला किती मिळतं, हे स्वतः जाऊन पाहायलाच हवं. पण कर्जाचा आकडा इमारतीवरून नाही, महाविद्यालयाच्या प्रकारावरून ठरतो, आणि ही गोष्ट पर्याय भरण्याआधी घरात बोलली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता बँकांकडं येऊ. भारतीय बँक संघाची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ ची, म्हणजे पै निकालाच्या जेमतेम वर्षभर आधीची. फी वाढण्याचा आणि कर्ज सोपं होण्याचा काळ एकच, हे विसरू नये. या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही, ७.५ लाखांपर्यंत जामीनदार, त्यावर घर किंवा जमीन तारण, अशी रचना पडली. ती पुढं कमीअधिक बदलली तरी ७.५ लाखांची रेघ लोकांच्या डोक्यात पक्की बसली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची, ती २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. १९१६ ची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. शैक्षणिक कर्ज रुळत होतं नेमक्या त्याच वर्षांत इथल्या दोन घरच्या बँका गेल्या.

कर्जाचा खरा बोजा कळायला एक हिशेब मांडून पाहावा. समजा दरवर्षी अडीच लाख असं चार वर्षांत १० लाखांचं कर्ज उचललं आणि व्याजदर १० टक्के धरला. अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून ५ वर्षांचा, त्यावर वर्षभराची सवड, म्हणजे पहिला हप्ता सहा वर्षांनी. या काळात सरळ व्याज चढत राहतं: पहिल्या उचलीवर सहा वर्षांचं, दुसऱ्या उचलीवर पाच, मग चार, मग तीन. मिळून साडेचार लाख. परतफेड सुरू होते ती साडेचौदा लाखांवर. १५ वर्षांची मुदत घेतली तर महिना सुमारे १५,६०० रुपये, शेवटपर्यंत २८ लाखांच्या आसपास. दहा वर्षांत फेडायचं तर महिना १९ हजारांवर. शिकत असतानाच घरच्यांनी व्याज भरत नेलं तर ही साडेचार लाखांची भर पडत नाही, शिवाय बऱ्याच बँका व्याजदरात एक टक्क्याची सूट देतात. दूध बिलातून किंवा पगारातून तेवढं निघत असेल तर ते भरत जावं.

दंतवैद्याच्या बाबतीत हे आकडे जास्त जड जातात, कारण बीडीएस झाल्यावर सरकारी नोकऱ्या फार थोड्या आहेत. सुरुवातीला दुसऱ्याच्या दवाखान्यात कमी पगारावर काम किंवा स्वतःचा दवाखाना. स्वतःचा म्हटला की डेंटल चेअर, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह आणि जागेचं डिपॉझिट. म्हणजे पहिलं कर्ज फिटायच्या आत दुसरं. एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करायचं तर आणखी तीन वर्षं आणि खाजगीत त्याची फी बीडीएसपेक्षाही मोठी. तालुक्याच्या गावी चार दवाखाने शेजारी शेजारी असताना पहिल्याच महिन्यापासून १५-१९ हजारांचा हप्ता काढणं किती कठीण आहे, हे विटा, इस्लामपूर, वाई, फलटणच्या तरुण डॉक्टरांना विचारावं.

अमेरिकेचा पर्यायही आता इकडच्या घरांत चर्चेत असतो. तिथल्या डेंटल स्कूलमध्ये परदेशी दंतवैद्यांसाठी दोन-तीन वर्षांचे खास अभ्यासक्रम आहेत. तिथले स्थानिक विद्यार्थीही सरासरी तीन लाख डॉलरच्या घरात कर्ज घेऊन बाहेर पडतात आणि म्हणूनच शाळा निवडताना कर्ज हा तिथं पहिला प्रश्न असतो. जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना तिथल्या केंद्र सरकारचं कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळणार आहे. आपल्या विद्यार्थ्याला ते मुळातच मिळत नाही. त्याच्यासाठी इथलं घर तारण ठेवून काढलेलं कर्जच असतं.

केंद्राच्या २००९ च्या व्याज अनुदान योजनेत ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांचं सवडीच्या काळातलं व्याज सरकार भरतं, म्हणजे वरच्या हिशेबातली वाढ त्यांच्यावर पडत नाही. पण हा लाभ एकदाच मिळतो. बीडीएसला घेतला की एमडीएसला नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक दर्जेदार संस्थांसाठी (मंजुरीच्या वेळी ८६०) तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज आहे, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवडीच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत. यादी राष्ट्रीय क्रमवारीवर आधारलेली असून दरवर्षी बदलते, त्यामुळं आपलं महाविद्यालय त्या वर्षीच्या यादीत आहे का, हे बँकेत जाण्याआधी पाहावं लागतं. इथं अभिमत संस्थेत शिकणाऱ्यालाही फायदा होऊ शकतो, राज्याच्या सवलतीत जो होत नाही.

१९४८ च्या कायद्याची जागा घ्यायला २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा आला. खाजगी महाविद्यालयं आणि अभिमत विद्यापीठं, दोन्हीकडच्या निम्म्या जागांच्या फीसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून द्यायची तरतूद त्यात आहे. ती नीट अमलात आली तर कवलापूर आणि कराड यांच्यातलं कर्जाचं अंतर कमी होईल. तोवर सीईटी कक्षाची आणि केंद्रीय समितीची अशा दोन्ही याद्या समोर ठेवाव्यात, प्रत्येक नावापुढं चार वर्षांची फी, लागू होणारी सवलत आणि सहा वर्षांनी सुरू होणारा हप्ता लिहावा, आणि मगच पसंतीक्रम भरावा.