डॅशबोर्डवरचे दिवे कुठून आले

चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी समोरचे दिवे एकदम उजळतात. दोन-चार सेकंदांत बरेचसे विझतात. काही मात्र इंजिन सुरू होईपर्यंत तसेच राहतात आणि त्यांत दोन सर्वांत जुने आहेत: तेलाच्या झारीचा आणि बॅटरीचा. रोज पाहून डोळे सरावलेले असतात, म्हणून हे दोघं मागे का राहतात हा प्रश्न सहसा पडत नाही. त्याचं उत्तर शोधायचं तर मोटारीत एकही दिवा नव्हता त्या काळात जावं लागतं.

डॅशबोर्ड हा शब्द मोटारीहून जुना आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडी हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीच्या पुढच्या बाजूला एक फळी उभी करत, तिचं हे नाव. घोडा गेला, फळी राहिली आणि पुढे तिच्यावर उपकरणं बसू लागली. सुरुवातीला मात्र ती जवळजवळ कोरीच होती. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पेट्रोल किती उरलंय ते पाहायला पुढच्या सीटची गादी उचलून टाकीत पट्टी बुडवावी लागे. ऑइल पाहायला गाडीखाली शिरावं लागे: इंजिनच्या तळाशी वरखाली दोन छोटे नळ होते. वरच्यातून ऑइल आलं तर भरपूर आहे. खालच्यातूनही आलं नाही तर इंजिन सुरू करायचं नाही. १९१२ मध्ये बॉइस यांच्या मोटोमीटरला पेटंट मिळालं. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला हा थर्मामीटर ड्रायव्हरला समोरच्या काचेतून दिसायचा. गाडीची तब्येत बसल्या जागेवरून कळण्याची ही सुरुवात.

मग काटे आले. ऑइलच्या दाबाचा काटा, पाण्याच्या तापमानाचा काटा, बॅटरीत विजेचा प्रवाह येतोय की जातोय ते दाखवणारा अँमीटर. माहिती भरपूर मिळायची, पण तिची किंमतही मोजावी लागायची. ऑइलच्या काट्यासाठी बऱ्याच गाड्यांत इंजिनमधलं खरंखुरं गरम ऑइल बारीक नळीतून डॅशबोर्डपर्यंत आणलेलं असे. नळी फुटली की ते पायांवर. अँमीटरसाठी स्टार्टर सोडून गाडीतला जवळजवळ सगळा प्रवाह जाड वायरने डॅशबोर्डमागे फिरवून आणावा लागे आणि तिथलं एखादं टोक सैल झालं तर आगीची भीती.

सर्वांत मोठी अडचण यंत्रात नव्हती, माणसात होती. काटा कामाचा ठरतो तो त्याच्याकडे पाहिलं तर. रस्त्यावर लक्ष असलेला माणूस तासन्तास ऑइलच्या काट्याकडे पाहत नाही आणि पाहिलं तरी आकडा खाली आलाय हे कळायला नेहमीचा आकडा माहीत असावा लागतो. १९३०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने ऑइलचा दाब आणि वीज बनवणारा डायनामो या दोघांसाठी काटे काढून दिवे बसवले. जाणकार ड्रायव्हरांना ते रुचलं नाही. इंग्रजीत या दिव्यांना ‘इडियट लाइट’ हे नाव पडलं, म्हणजे अडाण्यांसाठीचे दिवे, आणि ते आजही वापरात आहे.

मला हे नाव अन्यायाचं वाटतं, पण त्यामागची तक्रार खोटी नव्हती. काटा आकडा सांगतो, दिवा निकाल सांगतो. ‘इथपर्यंत ठीक, इथून पुढे धोका’ ही रेषा गाडी बनवणाऱ्याने आधीच आखून ठेवलेली असते आणि ती कुठे आखली हे ड्रायव्हरला दिसत नाही. डॅशबोर्डवरच्या प्रत्येक दिव्यामागे अशी एक रेषा आहे. ती माहीत असेल तर दिव्याचा अर्थ बदलतो.

ऑइलचा दिवा घ्या. इंजिनच्या अंगावर एक छोटा स्विच बसवलेला असतो. आत एक पातळ पडदा, त्यामागे स्प्रिंग. दाब नसताना स्प्रिंग दोन संपर्क जोडून ठेवते आणि दिव्याचं एक टोक गाडीच्या धातूच्या अंगाला, म्हणजे अर्थिंगला, जोडलं जातं, म्हणून दिवा लागतो. इंजिन फिरलं, पंपाने दाब दिला की पडदा मागे सरकतो, संपर्क तुटतो, दिवा विझतो. चावी फिरवल्यावर हा दिवा का लागतो याचं उत्तर इतकं साधं आहे: इंजिन बंद आहे, दाब नाही, दिवा खरंच सांगतोय. आता रेषा पाहा. हा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बार (दाबाचं एकक) इतक्या दाबाला उघडतो, तर धावत्या गरम इंजिनात दाब ३ ते ५ बारच्या आसपास असतो. म्हणजे नेहमीच्या दाबातला मोठा हिस्सा गमावेपर्यंत दिवा गप्पच राहतो. तो लागतो तेव्हा ऑइलच्या ज्या पातळ थरावर इंजिनमधल्या बेअरिंग तरंगत असतात तो थर तुटायला आलेला असतो. आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. हा दिवा ऑइलची पातळी मोजत नाही, फक्त दाब पाहतो. ऑइल बरंच कमी असलं तरी पंपाला ओढायला पुरतंय तोवर तो विझलेलाच राहील. वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर क्षणभर लुकलुकला, तर पंप हवा ओढू लागल्याची दाट शक्यता आहे. धावत्या गाडीत तो लागून राहिला तर पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जाण्याचा विचारही करू नये. गाडी बाजूला घेऊन तिथेच इंजिन बंद करावं.

बॅटरीच्या दिव्याची रचना मला या सगळ्यांत सुंदर वाटते. जुन्या पद्धतीच्या जोडणीत बल्बचं एक टोक चावीच्या स्विचमार्गे बॅटरीला आणि दुसरं अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, जोडलेलं असतं. चावी ऑन केली, अल्टरनेटर स्थिर आहे, तर बॅटरीकडून प्रवाह बल्बमधून अल्टरनेटरच्या फिरत्या भागावरच्या कॉइलमध्ये जातो. बल्ब लागतो आणि तोच इवलासा प्रवाह त्या कॉइलला चुंबक बनवतो. इंजिन फिरलं की अल्टरनेटर स्वतः वीज तयार करतो, बल्बच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं, प्रवाह थांबतो, बल्ब विझतो. वेगळा सेन्सर नाही, हिशोब करणारं काही नाही. बल्ब मंद जळत राहिला तर दोन टोकांत थोडा फरक उरलाय, अल्टरनेटरमधला एखादा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला असावा, हेही त्यातूनच कळतं. या जोडणीची दुसरी बाजू अशी की बल्ब उडाला तर कॉइलला सुरुवातीचा प्रवाहच मिळत नाही आणि चांगला अल्टरनेटरही कधीकधी चार्जिंग करत नाही. इशारा देणारी वस्तू यंत्राचाच भाग होती.

त्या काळातल्या पुष्कळ इंजिनांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरत. पट्टा तुटला की आधी बॅटरीचा लाल दिवा लागे आणि थोड्या वेळाने इंजिन तापायला लागे. म्हणून जुने ड्रायव्हर हा दिवा लागताच बॉनेट उघडायचे. बॅटरी अजून काही अंतर नेईल हे त्यांना माहीत होतं, पण काळजी पाण्याची होती.

इंधन कमी झाल्याचा दिवाही असाच हुशारीने केलेला होता. टाकीच्या तळाजवळ एक थर्मिस्टर, म्हणजे तापला की ज्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो असा तुकडा. पेट्रोलमध्ये बुडालेला असताना तो थंड राहतो. पातळी खाली जाऊन उघडा पडला की स्वतःतल्या प्रवाहाने तापतो, विरोध घटतो आणि दिवा लागतो.

ब्रेकच्या दिव्याने वेगळाच प्रश्न उभा केला. अमेरिकेत १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि १९६८ पासून नव्या कारमध्ये ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग आणि त्यातला एक निकामी झाल्यास लागणारा लाल दिवा सक्तीचा झाला. रचना अशी: दोन्ही भागांच्या मधोमध एक छोटा पिस्टन, दोन्हीकडून सारखा दाब असला की मध्ये स्थिर. एका बाजूला गळती झाली की तो तिकडे सरकतो आणि स्विच दाबतो. पण ऑइलचा दिवा रोज चावीबरोबर लागतो, तसा हा लागायचं काही कारणच नव्हतं. गाडीच्या उभ्या आयुष्यात तो एकदाही लागणार नाही असंही होऊ शकलं असतं. मग बल्ब आधीच उडालेला असेल तर कळणार कसं? विझलेला दिवा ‘सगळं ठीक’ म्हणतोय की ‘मीच मेलोय’ म्हणतोय? म्हणून तो मुद्दाम स्टार्टरच्या वेळी पेटवायची सोय केली आणि बहुतेक गाड्यांत हँडब्रेकलाही तोच दिवा दिला. चावीबरोबर सगळे दिवे उजळण्याची आजची रीत या काळजीतून घट्ट झाली. सुरक्षेच्या दृष्टीने दिव्यांइतकीच ती मला मोलाची वाटते.

सुरुवातीच्या अमेरिकन गाड्यांत या दिव्यांवर इंग्रजी शब्द छापलेले असत. गाड्या अनेक भाषांच्या देशांत विकल्या जाऊ लागल्या तशी चित्रं आली आणि आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने ती जगभर एकसारखी केली. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे, आणि हेडलाइटच्या अपरसाठी निळा. अमेरिकेत मात्र ब्रेकच्या दिव्यावर नियमाने आजही इंग्रजी शब्दच लागतो. इतरत्र वर्तुळातलं उद्गारचिन्ह असतं. तेलाची लांब नळीची झारी आज कितीजणांनी हातात घेतली असेल? पण चित्रात ती टिकून आहे.

आता तो दिवा, ज्याने सर्वांत जास्त गोंधळ केला: चेक इंजिन. त्याचा उगम इंजिनच्या काळजीत नाही, लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवलं की गाड्यांच्या धुरातली हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र येऊन ते डोळे चुरचुरवणारं धुरकं बनतं. पुढे कॅलिफोर्नियाने धुरावर मर्यादा आणल्या, गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आले. पण कारखान्यातून स्वच्छ निघालेली गाडी पाच वर्षांनीही स्वच्छ आहे हे कोण पाहणार? काही गाड्यांत पहिलं उत्तर अगदी भाबडं होतं: ठराविक मैल झाले की सेन्सर बदलायचा दिवा आपोआप लागे, सेन्सर चांगला असो वा वाईट.

१९८०च्या सुमारास इंजिनवर छोटा संगणक आला आणि तो स्वतःच्या सेन्सरांची खातरजमा करू लागला. जनरल मोटर्सच्या गाड्यांत डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधली दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकत आकडे सांगायचा. एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे कोड बारा: तपासणी चालू झाली. मेकॅनिक कागद-पेन घेऊन उघडझाप मोजत बसत. कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून अशी स्वयंतपासणी सक्तीची केली, आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या कारना ओबीडी-२ हे स्वयंतपासणीचं एकच प्रमाण लागू झालं: सोळा पिनांचं एकच सॉकेट, सगळ्यांना सारखे कोड. युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून तसाच नियम आला.

इथली रेषा समजली की बराच मनस्ताप वाचतो. धूर ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होऊ शकेल असा बिघाड दिसला की हा दिवा लावायचा, असं त्याचं मूळ सूत्र आहे. म्हणून गाडी छान पळत असतानाही तो लागतो. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं तरी लागतो, कारण तिथून वाफ निसटते. बहुतेक दोष दोन फेऱ्यांत सलग दिसल्यावरच तो पेटतो आणि सलग तीन फेऱ्या दोष न दिसल्यास आपणहून विझतो. कोड मात्र पुढेही आठवणीत राहतो. हा पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर गोष्ट वेगळी. एखादा सिलिंडर नीट पेट घेत नाहीये, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय, आणि तो काही मिनिटांत खराब होऊ शकतो. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी थांबवायची.

टायरच्या हवेच्या दिव्यामागे माणसांचे जीव आहेत. २००० साली अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोररवरच्या फायरस्टोन टायरांचे थर सुटून झालेल्या अपघातांमुळे लाखो टायर परत मागवले गेले. त्याच वर्षी कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सर्व हलक्या नव्या वाहनांत हा दिवा आला. रेषा: सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी. सुरू करताना तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर हवा ठीक असू शकते. मोजणारी यंत्रणाच बिघडलीय असा त्याचा अर्थ.

एअरबॅगच्या दिव्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. बिघडलेली एअरबॅग दुरुस्त न करता तिच्या दिव्याची वायर दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडून देण्याचे प्रकार होतात, म्हणजे दोन्ही एकत्र लागतात, एकत्र विझतात. जुनी गाडी घेताना चावी ऑन करून प्रत्येक दिवा आपापल्या वेळेला विझतो का, हे पाहा. एअरबॅगचा दिवा मुळात लागलाच नाही तर अधिकच सावध व्हा.

१९८६ मध्ये बॉशने कॅन बस, म्हणजे गाडीतल्या संगणकांनी एकाच सामायिक तारेवरून एकमेकांशी बोलण्याची पद्धत, जगापुढे मांडली. त्यानंतर हळूहळू दिवा आणि सेन्सर यांच्यातली थेट वायर संपली. आज एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) संगणक मीटरला सेकंदात अनेकदा ‘मी ठीक आहे’ असा निरोप पाठवत असतो आणि तो निरोप यायचा थांबला तर मीटर स्वतःच्या जबाबदारीवर दिवा लावतो. १९६८च्या त्या ब्रेकच्या बल्बचा प्रश्न इथे उलट्या बाजूने सुटला: मौन हाच बिघाड समजायचा.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल नाही, म्हणून झारीचा दिवाही नाही. बॅटरीचं चिन्ह मात्र आहे. पट्टा आणि अल्टरनेटर गेले, तरी दिवे, कुलपं आणि संगणक चालवणारी १२ व्होल्टची छोटी बॅटरी आहेच, आणि तिला मोठ्या बॅटरीकडून वीज मिळत नसेल तर तोच जुना लाल दिवा लागतो. मोटरची ताकद घटवली गेली की काही गाड्यांत कासव दिसतं. आणि एक हिरवा दिवा नव्याने आला आहे, इंग्रजीत ‘रेडी’ असं लिहिलेला. सुरू झालेलं इंजिन कानाला कळायचं. ही गाडी निःशब्द उभी असते, म्हणून ती चालू आहे एवढंच सांगायला त्याला तिथे बसवलंय.