जलबिंदू छायाचित्रण

पडणाऱ्या किंवा पाण्यावर आपटणाऱ्या थेंबाचे रूप फ्लॅशच्या क्षणिक प्रकाशात टिपण्याचे तंत्र. टेबल, काठोकाठ भरलेला ट्रे, मॅन्युअल सेटिंग असलेला कॅमेरा आणि त्यापासून वेगळा ठेवता येणारा फ्लॅश एवढ्या सामग्रीवर ते घरी साधते. अतिवेगवान छायाचित्रणाचा हौशी माणसाच्या आवाक्यातला प्रकार कोणता, तर हाच.

४० सेंमी. उंचीवरून सुटलेला थेंब पाण्याला भिडतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे २.८ मी. असतो. १/२०० सेकंदात तो १४ मिमी. सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या जवळजवळ तिप्पट. चित्रात पांढुरका पट्टा तेवढा उमटतो. १/२०,००० सेकंदात मात्र तो ०.१४ मिमी.च हलतो आणि कडा धारदार दिसते. म्हणून खोली अंधुक करून शटर नुसते उघडे ठेवतात. चित्र घडते ते फ्लॅशमुळे. शटरचा वेग वाढवून थेंब गोठवण्याची नवशिक्यांची धडपड वाया जाते. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० ते १/२५० सेकंदापेक्षा जलद शटरला पूर्ण चौकट एकाच वेळी उघडी नसते. हाय स्पीड सिंक (जलद शटरशी फ्लॅश जुळवणारी सोय) चालू केल्यास ही अडचण टळते खरी, पण फ्लॅश एका झटक्याऐवजी लागोपाठ लुकलुकत राहतो आणि थेंब पुन्हा पुसट होतो.

कॅमेऱ्यावर बसणाऱ्या झेनॉन फ्लॅशची शक्ती कमी केली की प्रकाश फिका होत नाही, तो लवकर तोडला जातो. पूर्ण शक्तीला झोत १/१००० सेकंद किंवा त्याहूनही जास्त टिकतो. १/३२ किंवा १/६४ शक्तीला तो १/२०,००० सेकंदाच्या आसपास येतो. नेमका आकडा मॉडेलगणिक बदलतो. कमी पडलेला प्रकाश भरून काढायला फ्लॅश थेंबाच्या जवळ आणतात किंवा दोन फ्लॅश एकाच वेळी उडवतात. शक्ती वाढवणे हा शेवटचा उपाय. विजेवर चालणाऱ्या काही स्टुडिओ फ्लॅशमध्ये हिशेब उलटा असतो, शक्ती घटवली की झोत लांबतो. मोबाइलचा फ्लॅश म्हणजे एलईडी दिवा. तो या कामासाठी फारच वेळ पेटलेला राहतो.

ठिणगीच्या प्रकाशात गतिमान वस्तू टिपण्याचा प्रयोग विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८५१ मध्ये लंडनमध्ये केला होता; फिरत्या चाकावर चिकटवलेला छापील कागद त्यांच्या चित्रात वाचण्याजोगा आला. थेंबाचा पद्धतशीर अभ्यास मात्र इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन यांचा. प्रारंभी ते अंधाऱ्या खोलीत ठिणगी पाडत आणि डोळ्यांत उरलेली प्रतिमा कागदावर रेखाटत. ती रेखाटने सुबक, सममित होती. पुढे १८९० च्या दशकात प्रत्यक्ष छायाचित्रे मिळाली तेव्हा खरे शिंतोडे बरेच वेडेवाकडे निघाले. हात नकळत नीटनेटके रूप काढत आला होता. विसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हॅरल्ड एजर्टन यांनी विद्युत् फ्लॅश आणि स्ट्रोबोस्कोप (ठरावीक अंतराने लखलखणारा दिवा) विकसित केले. दुधाच्या थेंबातून उसळलेल्या मुकुटाचे त्यांचे १९५७ मधील रंगीत चित्र या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध. आजचे हौशी छायाचित्रकारही बहुतेक त्याच वाटेने सुरुवात करतात.

थेंब पाडायला ड्रॉपर, टाचणीने भोक पाडलेली पाण्याची पिशवी किंवा सलाइनचा सेट चालतो. शेवटचा सर्वांत सोयीचा, कारण त्याच्या चाकाने थेंबांची गती ठरवता येते. थेंब पडतो त्या जागी पेन्सिल किंवा खिळा आडवा धरून मॅन्युअल फोकस लावतात आणि मग लेन्सला हात लावत नाहीत. लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) एफ/११ ते एफ/१६, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २०० ते ४००, शटर १/१६० ते १/२०० ही सुरुवातीची सेटिंग. फ्लॅश थेंबावर रोखल्यास कडक पांढरे ठिपके उमटतात. तो मागच्या रंगीत कागदावर किंवा दुधी ॲक्रिलिकच्या पत्र्यामागून टाकला तर थेंबाची कड मऊ आणि रंग भरीव येतो. शिंतोडे लांबवर उडतात, त्यामुळे फ्लॅशवर पारदर्शक पिशवी घालतात आणि विजेच्या तारा ट्रेपासून दूर ठेवतात.

हवेतला थेंब वर टोकदार आणि खाली गोल असतो ही चित्रांतली समजूत पहिल्याच फोटोत मोडते. सुटल्याबरोबर पृष्ठताण त्याला गोल आकाराकडे ओढतो आणि तो आळीपाळीने चपटा व उभट होत खाली येतो. पाण्याच्या पातळ थरावर तो मुकुट उठवतो. खोल पाण्यात तो खळगा करतो, खळगा मिटताना मधोमध पाण्याचा स्तंभ वर येतो आणि स्तंभाच्या टोकापासून छोटा थेंब सुटतो. या स्तंभाला वर्दिंग्टन यांचेच नाव आहे. पाण्यात ग्लिसरीन किंवा झँथन गम मिसळल्यास द्रव दाट होतो, उसळलेल्या द्रवाचे पातळ पडदे लवकर फाटत नाहीत. दूध त्याच्या अपारदर्शकतेसाठी वापरतात.

लोंबणारा किंवा पडता थेंब भिंगाचेही काम करतो. त्याच्या मागे फूल ठेवले तर थेंबात उलटे फूल दिसते. ते सरळ हवे असेल तर मूळ फूलच उलटे टांगावे लागते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने गोल थेंबाचे केंद्रांतर (फोकल लेंग्थ) त्याच्या व्यासाइतकेच भरते. ४ मिमी.च्या थेंबातली प्रतिमा त्याच्या केंद्रापासून साधारण ४ मिमी. अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला तयार होते. फोकस थेंबावर ठेवला की फूल धूसर येते, फुलाच्या प्रतिमेवर ठेवला की थेंबाची कड सुटते. छिद्र लहान का ठेवायचे, याचे हे आणखी एक कारण.

हाताने बटण दाबूनही चांगले फोटो मिळतात, फक्त बरेच वाया जातात. इन्फ्रारेड किरण थेंबाने तोडला की ठरावीक विलंबाने फ्लॅश उडवणारे सर्किट अधिक भरवशाचे. अशा मांडणीत पूर्ण अंधारात शटर एक-दोन सेकंद उघडे ठेवतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या विलंबाचा प्रश्नच उरत नाही. छत्रीसारखा आकार हवा असेल तर पहिल्या थेंबाचा स्तंभ वर आलेला असतानाच दुसरा थेंब त्यावर आदळावा लागतो. दोहोंतले अंतर साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाइतके असते, ते हाताने जमणे कठीण. त्यासाठी सोलेनॉइड झडप, म्हणजे विजेने उघडझाप होणारी झडप, लागते. टाकीतले पाणी कमी होत गेले की दाब घटतो, थेंब लहान होतो आणि जमवलेली वेळ पुन्हा चुकू लागते. म्हणून टाकीचे झाकण हवाबंद करून त्यातून एक नळी जवळजवळ तळापर्यंत सोडतात. पाण्याची पातळी नळीच्या खालच्या टोकापर्यंत उतरेपर्यंत झडपेवरचा दाब सारखा राहतो.