मोटर गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

जुलैची संध्याकाळ, ताम्हिणीतला पाऊस आणि वाट विचारायला म्हणून खाली घेतलेली डावीकडची काच वर येईना. बटण दाबलं की दाराच्या पोटातून दबका हुंकार यायचा, काच दोन बोटं सरकायची आणि थांबायची. शेवटी हिने काचेला आतून-बाहेरून तळहात लावून ती वर ढकलली, मी बटण दाबून धरलं आणि काच कण्हत-कुंथत चढली. तोवर डावी सीट चिंब झाली होती. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये निदानाला तीन सेकंद लागले. "मोटर गेली. बदलायची."

बदलली. काच झकास चालू लागली. आणि आठ महिन्यांनी पुन्हा तोच हुंकार.

नवी मोटर आठ महिन्यांत कशी जाते, हे मला काही पटेना. या वेळी गॅरेजऐवजी गल्लीतल्या वायरिंगवाल्या काकांना गाठलं. त्यांनी मोटरकडे बघितलंसुद्धा नाही. काच अर्ध्यावर घेऊन ती बोटांनी पुढेमागे हलवून पाहिली, दार दोन-तीनदा उघडलं-मिटलं आणि म्हणाले, "साहेब, मोटर नंतर बघू. आधी तिला त्रास कोण देतंय ते बघू."

काचा बटणावर चालण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेत १९४० साली पॅकार्ड कंपनीने अशा काचा आणल्या, पण त्या तेलाच्या दाबावर चालत. दारातच छोटी विजेची मोटर बसवायची पद्धत त्यानंतर रुळली. आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा दारावर हँडलच होतं. त्या हँडलचा एक गुण आता आठवतो. काच जड जायला लागली की ते आधी मनगटाला कळायचं. बटणाला मनगट नाही. ते दहा वर्षं एकाच बोटाने दाबलं जातं आणि आतला सगळा ताण मोटर मुकाट्याने सोसत राहते.

दाराचं पॅड काढलं की आत फार गुंतागुंत नसते. मुठीएवढी १२ व्होल्टची डीसी मोटर, तिच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे आणि त्या आट्यांत अडकलेलं प्लास्टिकचं दातेरी चाक. याला वर्म गिअर म्हणतात. मोटर कित्येक फेरे फिरते तेव्हा चाक एक फेरा घेतं. पुढे कात्रीसारखे दांडे असतात किंवा पोलादी केबल आणि पुली, ज्यांना गॅरेजवाले सरळ 'काचेचं मशीन' म्हणतात. ते काच उचलतं.

या आट्यांत एक गंमत आहे. मोटर चाकाला फिरवू शकते, पण चाक मोटरला फिरवू शकत नाही. आट्यांचा चढ इतका कमी ठेवलेला असतो की काचेच्या वजनाने चाक ढकललं तरी घर्षण त्याला घसरू देत नाही. म्हणून बटण सोडलं की काच जिथल्या तिथे राहते आणि चोराला बाहेरून ती दाबून खाली ढकलता येत नाही. या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. जो गिअर उलटा फिरत नाही, त्याची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खालीच असते. म्हणजे मोटरच्या जोरातला निम्म्याहून जास्त जोर काच उचलण्यात नाही, आट्यांच्या घासण्यात जातो. काचेची मोटर मुळातच उधळी आहे. ती चार-पाच सेकंदांच्या कामासाठी बनवलेली असते, मिनिटभर राबायला नाही.

आता थोडा हिशेब. तो कंटाळवाणा वाटेल, पण सगळी मेख त्यातच आहे.

मोटर फिरत असते तेव्हा ती त्याच वेळी जनित्रही असते. फिरताना ती बॅटरीच्या विरुद्ध दिशेने व्होल्टेज तयार करते, जितकी जोरात फिरेल तितकं जास्त. समजा मोटरच्या आतला रोध ०.६ ओहम आहे आणि काच नीट चालत असताना ती ५ अँपिअर घेते. ०.६ गुणिले ५, म्हणजे ३ व्होल्ट आतल्या तारेत खर्च झाले, उरलेल्या ९ व्होल्टइतका वेग तिने पकडला. तारेत तापणारी शक्ती १५ वॅट. काही त्रास नाही.

काच ज्या रबरी खोबणीत सरकते त्या चॅनलमधलं घर्षण वाढून दुप्पट जोर लागू लागला, तर प्रवाह १० अँपिअर होतो, कारण मोटरचा जोर प्रवाहाच्याच प्रमाणात असतो. आता ६ व्होल्ट आत खर्च होतात, वेगाला उरतात ६. काच पूर्वीच्या दोन तृतीयांश वेगाने, पण वर जाते. चॅनल ठीक आहे आणि वायरच्या जोडात गंज चढून आणखी ०.६ ओहमचा रोध आला, तरी हाच हिशेब. ५ अँपिअरला एकूण ६ व्होल्ट खर्च, वेग दोन तृतीयांश. काच हळू, पण चालू. हे दोन्ही बिघाड एकाच वेळी झाले तर? १० अँपिअर गुणिले १.२ ओहम, बरोबर १२ व्होल्ट. वेगाला शून्य उरलं. काच थांबली.

एकेकटा असता तर एकही बिघाड काच अडवू शकला नसता. आणि थांबलेल्या मोटरच्या तारेत आता १५ नाही, ६० वॅट तापतात, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. आपण मात्र बटण आणखी जोरात दाबतो, जणू त्याने काही फरक पडणार आहे.

नवी मोटर टाकल्यावर काच का चालली, त्याचंही उत्तर यातच सापडतं. मोटर बदलताना जुना कनेक्टर उपसला आणि परत दाबून बसवला, तेव्हा पिनांवरचा गंज थोडा खरवडला गेला. नव्या मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) नवे, ग्रीस ताजं. एवढा आधार मिळाल्यावर हिशेब जेमतेम काचेच्या बाजूने झुकला. घट्ट झालेल्या चॅनलला कोणी हात लावलाच नव्हता.

काकांची विजेची पहिली तपासणी मीटरने नव्हती, हेडलाइटच्या जुन्या बल्बने होती. मी मल्टिमीटर पुढे केला होता. कनेक्टरवर त्याने १२ व्होल्ट दाखवले आणि मी खूश झालो. पण मीटर प्रवाह जवळपास घेतच नाही. वायरीतल्या वीस तारांपैकी एक शिल्लक असली, तरी तो इमानेइतबारे १२ सांगतो. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे साधारण मोटरएवढाच. काकांनी मोटरचा कनेक्टर काढून तिथे बल्ब लावला आणि मला बटण दाबायला सांगितलं. बल्ब पिवळट, मलूल पेटला. तोच थेट बॅटरीला लावला तर डोळे दिपले. मोटरपर्यंत वीज पोहोचते आहे, पण अर्धपोटी, हे कळायला एवढं पुरे झालं.

मग दार आणि खांबामधला रबरी पाइप त्यांनी मागे सारला. दार रोज उघडतं-मिटतं आणि त्यातल्या वायरी तिथेच वाकतात. एका वायरीचं प्लास्टिक अखंड होतं, पण चिमटीत धरून ताणल्यावर ती आत रबरासारखी लांबली. आतल्या बहुतेक तारा तुटलेल्या. काच दार उघडं असताना चालते आणि मिटलं की नाही, किंवा याच्या उलट, अशी तक्रार असेल तर आधी हा पाइप बघावा.

कनेक्टर हिरवा पडला होता, त्यामागे पाऊस होता. दाराच्या पोटात पाणी शिरणं हा बिघाड नव्हे. काचेवरून ओघळणारं पाणी आत जाणारच, हे धरूनच दार बनवतात. खाली निचऱ्याची भोकं असतात आणि पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. आमच्या दारात कधीतरी नवे स्पीकर बसवताना हा कागद टरकावलेला होता, आणि भोकं पाचोळ्याच्या चिखलाने बुजलेली. कोकणात जाणाऱ्या गाडीने पावसाआधी ही भोकं काडीने मोकळी करावीत, फुकटचं काम आहे. दार जोरात आपटल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला तर उशीर झालाय असं समजायचं.

चॅनलचं काम सर्वांत वेळखाऊ निघालं. काच ज्या रबरी खोबणीत सरकते तिच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते. वर्षानुवर्षांच्या धुळीने ती घासून जाते, मग काच नुसत्या रबरावर रगडते आणि ऊन खाऊन ते रबर कडक झालेलं असतं. पट्टीला ओलं फडकं गुंडाळून खोबण पुसली. फडकं तीनदा काळं झालं. वाळल्यावर सिलिकॉनचा फवारा. इथे घरातलं मशीनचं तेल किंवा ग्रीस चोपडायचा मोह होतो, तो टाळावा. खनिज तेलाने या जातीचं रबर फुगतं, आणि चिकट खोबणीत पुढची धूळ अधिक भक्तिभावाने बसते.

'काच अर्ध्यावर थांबते आणि दहा मिनिटांनी आपोआप चालते' या तक्रारीला अनेक जण भूतबाधेच्या रांगेत बसवतात. बहुतेक मोटरींच्या आत एक राखणदार असतो. जुन्यांत तापल्यावर वाकणारी दोन धातूंची पट्टी, नव्यांत कोळशाचे कण मिसळलेल्या प्लास्टिकची चकती. थंड असताना कण एकमेकांना टेकलेले असतात आणि वीज त्यांच्या साखळीतून जाते. तापल्यावर प्लास्टिक फुगतं, साखळ्या तुटतात, रोध एकदम वाढतो आणि प्रवाह गळून पडतो. निवलं की पुन्हा पूर्ववत. काही कारागीर ही चकती वगळून थेट तार जोडतात. काच चालते खरी, पण पुढच्या वेळी अडलेली मोटर थांबवणारं कोणी उरत नाही.

उन्हाळ्यात हे दुखणं जास्त का दिसतं, तेही तांब्याच्या स्वभावात आहे. दर अंशाला तांब्याचा रोध सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो आणि मोटरमधल्या फेराइट चुंबकाचा जोर सुमारे ०.२ टक्क्याने घटतो. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं दार ४० अंशांनी जास्त तापलं असं धरलं, तर अडलेल्या मोटरचा जोर पाचव्या हिश्श्याने कमी भरतो. जानेवारीत कशीबशी चढणारी काच मेमध्ये अडते ती अशी.

कधीकधी दोषी मोटर असतेच. दारावर थाप मारली की काच चालते, ही तिची खूण. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन झिजून स्प्रिंगमध्ये अडकलेले असतात, धक्क्याने पुन्हा टेकतात. मोटर गुणगुणते पण काच जागची हलत नाही, तर केबल किंवा गिअर तुटलाय, मोटर निर्दोष. बटण दाबलं की आतला दिवा किंचित मंद होतो पण आवाज नाही, तर वीज पोहोचतेय आणि काहीतरी जाम आहे. दिवा ढिम्म असेल तर फ्यूज, स्विच, वायर. स्विचबद्दल एक खोच अशी, की बऱ्याच जुन्या गाड्यांत बाकीच्या दारांची वीज ड्रायव्हरच्या मुख्य स्विचमधूनच फिरून जाते. त्यातला एक संपर्क जळला तर मागचं दार स्वतःच्या बटणानेही मुकं होतं, आणि लोक मागची मोटर बदलत बसतात.

दार स्वतः उघडणार असाल तर काच आधी वर नेऊन चिकटपट्टीने चौकटीला बांधा. कात्रीच्या मशीनमधल्या काहींत ताणलेली स्प्रिंग असते आणि मोटर सुटताच दांडा बोटांवर येतो. दारात एअरबॅगचा सेन्सर असलेल्या गाडीत बॅटरी काढून, थोडं थांबून मगच हात घालावा. ज्या काचा बोट सापडलं तर आपोआप खाली येतात, त्या मोटरचे फेरे मोजून काच कुठे आहे ते ओळखतात. चिमटण्याचा जोर १०० न्यूटनच्या, म्हणजे सुमारे दहा किलोच्या भाराच्या पुढे जाऊ नये, असा युरोपीय नियम आहे. अशा गाडीला घट्ट चॅनल आणि लहान मुलाचं बोट यांतला फरक कळत नाही, ती काच वर नेऊन परत खाली आणते. आणि बॅटरी काढल्यावर तिला वरचं टोक पुन्हा शिकवावं लागतं. पद्धत पुस्तिकेत असते.

वायर जोडली, कनेक्टर साफ केला, चॅनल पुसला. काच सुळकन गेली. तेव्हा मला डिकीत पडलेली पहिली मोटर आठवली, ती 'गेलेली'. थेट बॅटरीला लावली तर खणखणीत फिरली. मग उघडलीच. कार्बन पाऊण शिल्लक होते. आर्मेचरच्या, म्हणजे फिरत्या भागाच्या, तांब्याच्या पट्ट्या बारीक काचकागदाने उजळल्या. एमरी पेपर नको, त्याचे कण वीजवाहक असतात. पट्ट्यांमधल्या फटी दातकोरणीने साफ केल्या. कार्बन तारेच्या तुकड्याने मागे धरून आर्मेचर बसवलं, नवं ग्रीस भरलं, स्क्रू आवळले आणि हौसेने तीच मोटर दारात परत चढवली.

वरचं बटण दाबलं, काच खाली गेली. चुंबकाचं कवच मी अर्धा फेरा उलटं बसवलं होतं, उत्तरेच्या जागी दक्षिण. उघडण्याआधी खडूने खूण करायची असते, काका म्हणाले, आणि चहा संपवून घरी गेले.